विरारची गाडी : आधी माणसे, मग रूळ

मुंबईच्या पश्चिमेकडील उपनगरी गाड्यांचा इतिहास चर्चगेटला सुरू होत नाही, तो विरारला सुरू होतो. १२ एप्रिल १८६७ रोजी बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या तोंडची ‘बीबी अँड सीआय’, या कंपनीने विरार ते बॅकबे अशी एक गाडी सुरू केली. सकाळी पावणेसातला ती विरारहून सुटायची आणि संध्याकाळी साडेपाचला बॅकबेहून परत निघायची. दिवसाला जाणारी एक आणि येणारी एक. सकाळी कामाला जा आणि दिवेलागणीला घरी या, हा आपल्या आयुष्याचा साचा त्या एका गाडीने घालून दिला.

त्या काळच्या स्थानकांची नावे वाचताना मजा वाटते. विरारनंतर निला, म्हणजे आपले नाला, नालासोपाऱ्यातले. मग बेसिन, म्हणजे वसई. मग पांजे, म्हणजे खाडीतल्या पाणजू बेटावरचे. पुढे बेरेवाला म्हणजे बोरिवली, पहाडी म्हणजे गोरेगाव, अंदारू म्हणजे अंधेरी आणि बांदोरा म्हणजे वांद्रे. मीरा रोड नाही, कांदिवली नाही, मालाड नाही. गाडी मिठागरांतून, भातखाचरांतून आणि माडांच्या वाड्यांतून धावत होती. डब्यात दाटी होण्याचा प्रश्नच नव्हता.

मी वसईचा. माझ्या गावाच्या इतिहासावर बोलायला सांगितले की लोकांना चिमाजी अप्पांची १७३९ ची मोहीम अपेक्षित असते, नाहीतर १८०२ चा वसईचा तह. दोन्ही घटना मोठ्याच. पण आज वसई-विरारमध्ये राहणाऱ्या माणसाचा दिवस ज्याने घडवला आहे तो किल्ला नव्हे आणि तहही नव्हे. तो घडवला आहे रुळांनी, आणि त्या रुळांचे पैसे कोणी, केव्हा आणि कशासाठी दिले या हिशेबाने. आज मला तो हिशेब तुमच्यापुढे मांडायचा आहे.

पहिला प्रश्न असा, की ही लोहमार्गाची वाट वसईवरून गेलीच का? ती वसईकरांसाठी गेली नाही. कंपनीला गुजरातचा कापूस मुंबईच्या बंदरात आणायचा होता. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जॉन पिट केनेडी यांचा आग्रह होता की घाट चढण्याच्या खर्चात पडू नये, किनाऱ्याकिनाऱ्याने सपाटीवरून जावे. सपाटी होती, पण नद्या आणि खाड्या फार. म्हणून लोखंडी खांब स्क्रूसारखे पिळून तळाच्या चिखलात उतरवायचे आणि त्यांवर लोखंडी तुळया टाकायच्या, ही पद्धत या मार्गावर वापरली गेली. वसईच्या खाडीवर पाणजू बेटाच्या दोन्ही बाजूंना पूल बांधले गेले आणि १८६४ च्या नोव्हेंबरात गुजरातकडून आलेला मार्ग मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोहोचला. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तिकडचा कापूस बंद होता आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडत होता. बॅकबेचा समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांचे शेअर्स गगनाला भिडले होते. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो फुगा फुटला. बुजवलेल्या जमिनीची पट्टी पुढे याच रेल्वे कंपनीच्या कामी आली आणि गाड्या दक्षिणेकडे सरकल्या.

आता पैशाकडे येऊ. ही कंपनी खासगी, भांडवल लंडनचे. पण लंडनच्या भागधारकाला धोका जवळजवळ काही नव्हता. त्या काळच्या ‘हमी’ पद्धतीनुसार सरकारने कंपनीला जमीन फुकट दिली आणि भांडवलावर साधारण पाच टक्के परतावा मिळेलच अशी हमी दिली. नफा कमी पडला तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून द्यायची. म्हणजे गाडीत कधी पाऊल न ठेवलेला शेतकरीही आपल्या सारावसुलीतून त्या भागधारकाचे व्याज भरत होता. दादाभाई नौरोजींपासून रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी यांच्यापर्यंत आपल्या अर्थवेत्त्यांनी रेल्वेखर्चावर जी टीका केली, तिचे मूळ इथे आहे. १९०५ मध्ये सरकारने ही कंपनी विकत घेतली, तरी कारभार कंपनीकडेच राहिला आणि तो सरकारच्या हाती आला १९४२ मध्ये. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी तिचे आणि इतर काही रेल्वेंचे मिळून पश्चिम रेल्वेत रूपांतर झाले.

या साऱ्या काळात वसईला रेल्वेचा फायदा झाला नाही असे मी म्हणणार नाही. इथली केळी, विड्याची पाने, भाजी, फुले आणि मासळी मुंबईच्या बाजारात रेल्वेनेच पोहोचली. कुळागरातला माणूस रोख पैसा पाहू लागला. मुले मुंबईच्या कॉलेजात जाऊ लागली. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि १९३६ मध्ये वीज विरारपर्यंत आली. विरार हे विजेच्या गाडीचे शेवटचे स्थानक झाले आणि तेव्हापासून ‘विरार’ हा शब्द गाडीच्या पाटीवर कायमचा चढला.

१९३६ हे साल ध्यानात ठेवा, कारण पुढची गोष्ट त्याच्याशी बांधलेली आहे. बोरिवली ते विरार या टप्प्यात तेव्हा दोन मार्गिका होत्या, एक जाण्याची आणि एक येण्याची. तिसरी आणि चौथी मार्गिका पूर्ण झाली २००७ मध्ये. मध्ये ७१ वर्षे गेली. त्या ७१ वर्षांत देश स्वतंत्र झाला, मुंबई महाराष्ट्राची राजधानी झाली, १९८२ चा गिरणी संप होऊन गेला, गिरणगावातली कुटुंबे नालासोपाऱ्याला आणि विरारला आली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघालेल्या माणसाला परवडेल असे स्वतःचे घर इथेच मिळत होते. आणि ही सगळी माणसे त्याच दोन मार्गिकांवरून मुंबईला जात-येत होती. त्याच दोन मार्गिकांवरून गुजरात आणि दिल्लीकडच्या मेल-एक्स्प्रेस जात होत्या आणि मालगाड्याही. एक मालगाडी खाडीपुलाअलीकडे अडली की मागच्या चार लोकल अडल्या, असे साधे गणित होते.

विरार लोकलच्या दारातली भांडणे महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. बोरिवलीला उतरणाऱ्याने विरार गाडीत चढू नये, हा दंडक आणि त्यावरून होणारी हमरीतुमरी. बाहेरच्या माणसाला वाटते, विरारचे लोक भांडखोर. मला तसे वाटत नाही. दाराशी उभे राहून एकमेकांशी भांडणारे दोघेही जण एका तिसऱ्याच ठिकाणी न झालेल्या निर्णयाचा हप्ता भरत होते. तो निर्णय का झाला नाही, हे पाहण्यासाठी आपल्याला वसईची खाडी ओलांडून ठाण्याच्या खाडीकडे जावे लागेल.

१९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईची उभारणी सुरू झाली. सिडकोने तिथल्या ९५ गावांची जमीन संपादित करायला घेतली. जमीन संस्थेच्या मालकीची असल्यामुळे शहर वाढेल तसा जमिनीचा वाढलेला भाव संस्थेच्या तिजोरीत येणार होता. त्यातूनच मानखुर्द ते वाशी रेल्वेमार्गाचा करार शक्य झाला. खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोचा आणि ३३ टक्के रेल्वेचा. मे १९९२ मध्ये ठाण्याच्या खाडीवरून पहिली गाडी वाशीला पोहोचली. स्थानकांच्या डोक्यावर कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांचेही उत्पन्न सिडकोला.

ही कल्पना काही आपल्याकडेच सुचली असे नाही. लंडनच्या मेट्रोपॉलिटन रेल्वेने आपल्या मार्गालगतच्या जमिनींवर घरे बांधण्यासाठी १९१९ मध्ये स्वतंत्र कंपनीच काढली होती. जपानमध्ये ओसाकाजवळ इचिझो कोबायाशी नावाच्या गृहस्थाने १९१० मध्ये विजेची रेल्वे सुरू केली आणि तिच्या कडेला घरे बांधून ती मध्यमवर्गीयांना हप्त्यांवर विकली. रेल्वेमुळे जमीन महागते, तर त्या महागाईतला वाटा रेल्वेला मिळाला पाहिजे, इतका साधा हा विचार. हाँगकाँगची मेट्रो आजही याच विचारावर उभी आहे.

आता वसई-विरारकडे वळा. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इथल्या हिरव्या पट्ट्यात बांधकामाला मोकळीक देण्याचे धोरण आले. वाड्या, बावखले आणि भातशेती वाचवण्यासाठी हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी तिचे नेतृत्व केले. १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठीही सिडकोचीच नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली. नियोजन करणारी संस्था तीच. पण इथे जमीन संस्थेची नव्हती, ती खासगी होती. सिडकोने नकाशा रंगवायचा, परवानगी द्यायची, आणि जमिनीच्या चढत्या भावाचा फायदा ज्याच्या त्याच्या खिशात. इमारतींची पाटी सांगत होती, ‘स्टेशनपासून पाच मिनिटांवर’. त्या पाच मिनिटांची किंमत ग्राहकाकडून पुरेपूर वसूल झाली. ती ज्याच्या जिवावर वसूल झाली, त्या स्टेशनाच्या पदरात काही पडले नाही.

म्हणजे वाशीचा मार्ग बरोबर आणि विरारचा चूक, इतका सरळ निवाडा आहे का? नाही. नवी मुंबईच्या जमिनीची किंमत तिथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांनी मोजली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात उरण भागात गोळीबार होऊन पाच शेतकरी मारले गेले आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. वसईच्या भूमिपुत्राला तसे संपादन नको होते आणि त्याची भीती खोटी नव्हती. पण दोन टोकांच्या मध्ये एक वाट होती. जमीन मालकाकडेच ठेवायची, मात्र बांधकामाच्या परवानगीबरोबर रेल्वेसाठी ठराविक वाटा घ्यायचा आणि मार्गिका वाढेल त्या प्रमाणातच मजले वाढू द्यायचे. ती वाट वेळेवर धरली गेली नाही. वाशीच्या रुळांसाठी शेतकऱ्याने जमीन दिली. विरारला रूळच आले नाहीत, आणि त्याची किंमत दारात लोंबकळणाऱ्या माणसाने दिली.

पुढे पैसा आला तो वेगळ्या दाराने. १९९४ मध्ये डब्ल्यू. एस. अॅटकिन्स या सल्लागारांनी मुंबई महानगरासाठी वाहतुकीचे सर्वंकष धोरण मांडले. १९९९ च्या जुलैत मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि राज्य सरकारचा ४९ टक्के. ही गोष्ट वरवर कागदोपत्री वाटते, पण तिचे महत्त्व मोठे आहे. तोपर्यंत उपनगरी रेल्वे म्हणजे दिल्लीची जबाबदारी अशी राज्याची भूमिका, आणि मुंबईच्या लोकलमध्ये आम्हाला तोटा होतो अशी रेल्वेची. या महामंडळामुळे दोघांना एका टेबलाशी बसावे लागले आणि प्रकल्पाचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेण्याचे ठरले. २००२ मध्ये जागतिक बँकेने मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी ५४ कोटी २० लाख डॉलरचे कर्ज मंजूर केले. बोरिवली-विरारच्या नव्या दोन मार्गिका याच प्रकल्पातल्या.

कर्जाबरोबर अटी आल्या. रुळांच्या कडेच्या झोपड्या हलवण्याआधी पुनर्वसन झाले पाहिजे, ही त्यातली मोठी अट. त्याआधी अशा हलवाहलवीचा एवढा मोठा प्रयत्न मुंबईत झाला नव्हता. तो सर्वत्र नीट झाला असेही नाही. रस्त्यांच्या कामात पुनर्वसनाच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचे पैसे काही महिने रोखून धरले होते. कर्ज देणारा प्रश्न विचारतो, म्हणून त्याच्यावर टीका करणारे पुष्कळ आहेत. मला त्यातली गंमत वेगळी दिसते. हे प्रश्न आपल्याच विधिमंडळात, आपल्याच नगरपालिकांत विचारले गेले असते, तर ते वॉशिंग्टनहून यायची वेळ आली नसती.

चार मार्गिका झाल्या आणि फरक पडला. २००९ मध्ये पंधरा डब्यांची गाडी आली. बारा डब्यांच्या गाडीपेक्षा ती पंचवीस टक्के अधिक माणसे नेते, आणि त्यासाठी फलाट लांबवण्याचा खर्च नव्या मार्गिकेच्या मानाने कितीतरी कमी. २०१२ पर्यंत पश्चिम रेल्वेचा वीजपुरवठा १,५०० व्होल्ट डीसीवरून २५ हजार व्होल्ट एसीवर गेला. त्यामुळे २०१३ मध्ये उपनगरी लोकल विरारची वेस ओलांडून डहाणूला जाऊ शकली. डहाणू रोडच्या माणसाला तोवर विरारला गाडी बदलावी लागे, नाहीतर मोजक्या पॅसेंजर गाड्यांची वाट पाहावी लागे.

पण दरम्यान गाव थांबले नव्हते. २००९ च्या जुलैत वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाख २२ हजार भरली. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याच वर्षी जूनमध्ये रेल्वेने भाडेवाढ जाहीर केली. मासिक पासाचा दर एकदम दुपटीच्या आसपास जाणार होता. मुंबईत संताप उसळला आणि काही दिवसांतच पासाची ती वाढ मागे घेतली गेली. विरारच्या पासधारकाला दिलासा मिळाला, तो रास्तही होता. मात्र प्रश्न तसाच राहिला. भाड्यातून मार्गिका बांधायची नाही, जमिनीच्या भावातून घ्यायचे नाही, तर बांधायची कशातून?

एक उत्तर खासगी भांडवलाचे होते. चर्चगेट ते विरार असा सुमारे ६३ किलोमीटरचा उन्नत मार्ग खासगी भागीदारीतून बांधायचा, अशी योजना कित्येक वर्षे चर्चेत राहिली. २०१६ च्या रेल्वे अर्थसंकल्पातही तिचा उच्चार झाला. पण खासगी कंपनीला तोट्याची जबाबदारी कोण घेणार आणि वाढीव बांधकामाचे हक्क कोण देणार हे हवे होते. रेल्वे आणि राज्य यांचे त्यावर जमले नाही आणि ती योजना कागदावरच राहिली. १८५५ च्या हमीची आठवण यावी असाच हा प्रश्न. खासगी पैसा धोका पत्करायला येतो असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात तो आधी हमी मागतो.

म्हणून पुन्हा जुनीच वाट धरली गेली. २०१६ मध्ये १०,९४७ कोटी रुपयांचा मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा मंजूर झाला. त्यात विरार-डहाणू या ६४ किलोमीटरच्या चौपदरीकरणासाठी ३,५७८ कोटी. त्या टप्प्यासाठी आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेचे ५० कोटी डॉलरचे कर्ज, त्याचा करार २०२० मध्ये. २०१९ च्या मार्चमध्ये ३३,६९० कोटींचा ‘३-अ’ टप्पा मंजूर झाला. त्यात बोरिवली ते विरार पाचवी आणि सहावी मार्गिका आहे. २६ किलोमीटरच्या या मार्गिकांमुळे मेल-एक्स्प्रेस लोकलच्या वाटेतून बाजूला होतील. वाटेत खाडी आहे, खारफुटी आहे. आणि खारफुटी तोडायची तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, हे २०१८ च्या निकालानंतर ठरलेले आहे. तो वेळ वाया गेला असे मी म्हणणार नाही. ज्या खाडीकाठावर पावसाळ्यात पाणी कुठे जायचे हा प्रश्न दरवर्षी पडतो, तिथे खारफुटीचा हिशेब मांडलाच पाहिजे.

याच तालुक्यातून मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनही जाणार आहे आणि तिचे एक स्थानक विरारला आहे. २०१७ मध्ये भूमिपूजन झालेल्या ५०८ किलोमीटरच्या या प्रकल्पाचा मूळ अंदाज १ लाख ८ हजार कोटींचा. त्यातले ८१ टक्के जपानचे कर्ज, व्याज दशांश टक्का, मुदत ५० वर्षे. महाराष्ट्राचा वाटा ५ हजार कोटींचा. कर्ज स्वस्त आहे हे खरे. पण कर्ज स्वस्त असले की ते ज्या कामासाठी मिळते ते काम रांगेत पुढे जाते आणि ज्या कामासाठी कोणी कर्ज देऊ करत नाही ते मागे राहते. हा क्रम विरारच्या माणसाने ठरवलेला नाही.

या दीडशेहून अधिक वर्षांच्या हिशेबातून मला एक गोष्ट दिसते. कापसासाठी लंडनच्या हमीचा पैसा आला, तेव्हा रूळ आधी आले आणि माणसे नंतर. स्वातंत्र्यानंतर माणसे आधी आली आणि रूळ ७१ वर्षे आले नाहीत. आता विरारच्या पुढे सफाळे, पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यात चौपदरीकरण होत आहे, आणि ते पुरे होण्याआधीच तिथल्या जमिनींचे भाव बोलू लागले आहेत. तिथे वाड्या आहेत, आदिवासी पाडे आहेत, किनाऱ्यावर मच्छीमारांची गावे आहेत. वसई-नालासोपाऱ्यात जे झाले ते तिथे पुन्हा होऊ द्यायचे की नाही, हे ठरवण्याची वेळ अजून गेलेली नाही.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. पालघर जिल्ह्यात इमारतीला परवानगी देताना त्या स्थानकाची आजची गाड्यांची क्षमता किती, हे त्याच फाइलमध्ये लिहिलेले असावे. स्थानकाजवळच्या जमिनीचा भाव वाढतो त्यातला ठरलेला वाटा त्याच मार्गाच्या खात्यात जमा व्हावा आणि तो आकडा दरवर्षी जाहीर व्हावा. ज्याची जमीन जाते त्याला पैशाबरोबर त्या वाढत्या भावातही हिस्सा मिळावा. नवी मुंबईत साडेबारा टक्क्यांसाठी रक्त सांडावे लागले, ते इथे कायद्यानेच आधी देता येईल. आणि प्रवासी संघटनांनी गाड्या वाढवा या मागणीबरोबर ही तीन कलमेही लावून धरावीत. गाडी वाढवणे रेल्वेच्या हाती आहे. पण पुढची गर्दी कुठे आणि किती जमणार, हे ग्रामपंचायतीच्या, नगरपालिकेच्या आणि मंत्रालयाच्या टेबलावर ठरते, आणि तिथे जाब विचारण्याचा हक्क पास काढणाऱ्या प्रत्येकाला आहे.